उसनी चाल

घोंगडीखालून एक पाय बाहेर आला आणि हौसाने सवयीने आधी त्याची टाच चाचपली. तोंड बघायचं नाही, नाव विचारायचं नाही, पलीकडच्याने खोकायचंसुद्धा नाही, असा घाटावरचा नेम होता. झोपडीच्या मधोमध दोरीवर काळी घोंगडी टांगलेली. तिच्यापलीकडे कोण बसलंय ते एका घाटजाई देवीला ठाऊक. अलीकडे हौसा, तिची आरी, तिची चामडं कापायची रापी आणि हिरड्यात भिजवलेल्या कातड्याचा वास.

उजव्या टाचेच्या कडेला जुनी खोक होती, बोटाचं पेर आत बसेल एवढी. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं. तळवा मऊ, म्हणजे बुटात वाढलेला. फौज सोडून घाटावर आलेली पोरं तेव्हा पुष्कळ होती, त्यातलंच एखादं असेल असं म्हणून तिने काडीवर खुणा करून माप घेतलं. मग घोंगडीखालून एक चिठ्ठी सरकली. कुणाची चाल उसनी घ्यायची त्याचा आकडा तिच्यावर होता, एक्केचाळीस बारा.

हौसाला हसू आलं. एक्केचाळीस बारा म्हणजे तिचाच केरू.

"पोराला इचारलंय न्हवं?" ती घोंगडीला म्हणाली. "त्याची चाल सोपी न्हाई बाबा. डावा पाय वढतो त्यो."

घोंगडी गप्प राहिली. नेमच होता तसा.

आता ही चाल उसनी घेण्याची भानगड काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. वीस वर्षांमागे कुरंगघाटावर मोठी दरड कोसळली आणि तीन वाड्या झोपल्या जागी गेल्या. खालच्या मुलखाचा सरनियंता तेव्हा नुकताच गादीवर बसला होता. त्याने जाहीर केलं की डोंगर सरकायच्या आधी कळावं म्हणून घाटभर काचेची तार पुरणार. केसाएवढी बारीक काच. तिच्यातून लेझरचा उजेड सोडायचा. जमीन जराशी हलली तरी काच ताणली जाते, आणि उजेडाचा जो कणभर भाग मागे परततो, तो बदलून परततो. त्या बदलावरून खाली बसलेलं यंत्र सांगतं, कुठल्या जागी जमीन किती हलली. लोकांना पटलं. न पटण्यासारखं काय होतं त्यात? बत्तीस वाड्यांनी रोजावर जाऊन आपल्या हातांनी चर खणले. हौसाने खणले, तेव्हा तिचा नवरा जिवंत होता, त्यानेही खणले.

ज्या तारेला दरड कळते तिला पाऊलही कळतं, हे घाटाला फार उशिरा समजलं. माणसामाणसाचं चालणं वेगळं. टाच किती जोराने पडते, दोन पावलांत किती वेळ जातो, भार आतल्या कडेवर की बाहेरच्या, वळताना अंग कुठे झुकतं, अशा शंभरेक गोष्टी जुळवल्या की सहीपेक्षा पक्की ओळख होते. रेशनच्या रांगेत प्रत्येकाला चाळीस पावलं चालवून यंत्राने ती ओळख शिकून घेतली. प्रत्येक चालीला आकडा पडला. मग सरनियंत्याने बॅटऱ्यांना लागणाऱ्या मातीसाठी डोंगर पोखरायला काढले, आणि ज्यांनी हरकत घेतली त्यांचे आकडे लाल झाले. लाल आकडा तारेवरून गेला की समोरच्या मनोऱ्यावरची बंदूक आपोआप वळायची. धुकं असो, रान असो, तिचा नेम चुकत नसे. तार वाड्यांखालूनही गेली होती, पण हद्दीच्या चिऱ्याअलीकडे बंदुकीचा मारा पोचत नसे. घाटाने हत्यार उचललं ते तेव्हा. पहिल्या दोन वर्षांत घाटाची पोरं किड्यामुंगीसारखी मेली.

त्यावर तोड काढली ती हौसाने. टाचेत शिशाची चकती, तळव्यात लोकरीचा थर, एका कडेला चामड्याची पाचर, असं बेतून वहाण शिवली तर पाऊल दुसऱ्याच्या पावलासारखं पडतं. नुसत्या वहाणेने मात्र भागत नाही. वर कातळाच्या सड्यावर तार पुरता येत नाही, तिथे चाल देणाऱ्याच्या मागे चाल घेणाऱ्याने दोन महिने पाऊल घटवायचं. न घटवता कुणी ती वहाण घातली तर पाच-सहा पावलांत तोंडावर आपटतो. घेणारा खाली उतरला की देणाऱ्याने दिवसभर घरात बाजेवर पाय उचलून पडून राहायचं, कारण एक चाल दोन जागी दिसली तर यंत्राला संशय येतो. दोघांनी घाटजाईचा भंडारा उचलून शपथ घ्यायची, की मरेपर्यंत एकमेकांचं नाव घेणार नाही. वहाण शिवणारीला देणारा ठाऊक असायचा, घेणारा नाही. म्हणून ती घोंगडी.

केरू हौसाचा एकुलता एक. आधीची दोन पाळण्यात गेली, तेव्हा ह्याला तरी दृष्ट लागू नये म्हणून केरासारखं टाकाऊ नाव ठेवलेलं. लहानपणी कड्यावरून पडून डावा पाय अधू झाला. तो शेरडं राखायचा, आणि लंगड्या गुराख्याचा आकडा लाल करण्याची कुणाला गरज वाटली नव्हती. चोवीस वर्षांच्या पोराला बंदूक धरता येत नाही ह्याची लाज वाटायची. चाल मागायला कुणीतरी आलं त्या दिवशी तो घरी आला तो गालातल्या गालात हसत.

"आये, म्या न्हाई जाऊ शकत लढाईला. पर माझा पाय चाललाय."

"कुनासंगं रं?"

"ते इचारू नको." मग न राहवून म्हणाला, "पर मानूस लई मोठ्या मनाचा हाय. ह्यापरीस जास्त न्हाई सांगनार."

सड्यावर पाऊल घटवून झाल्यावर चार वेळा त्याचा पाय उसना गेला. चारही दिवस तो बाजेवर पडून, दोन्ही पाय दोरीच्या झोळीत. हौसा नाचणीची भाकरी चुरून त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "जेवा राजं. पाय खाली टाकू नगा, न्हाईतर फौज यील." तोही राजासारखा हात हलवायचा. ते चार दिवस घरात सणासारखे गेले. हौसाला पुढे आयुष्यभर ते दिवस तारखांसकट आठवत राहिले.

मग वाघदरा घडला. अकरा पोरं दऱ्यातून जाणार हे फौजेला आधीपासून माहीत होतं. अकराच्या अकरा गेली.

घाटाचा नाईक होता मानाजी. हा पूर्वी सरनियंत्याच्याच फौजेत हवालदार. आठ बंदुका आणि एक वायरलेस घेऊन वर आला तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. उंच, शांत, आवाज न चढवता बोलणारा. बूट कधी काढायचा नाही. "मी कुणाची चाल उसनी घेणार नाही," असं तो भर सभेत म्हणाला होता. "लपायची वेळ आली तर गुहेत लपेन, पण दुसऱ्याच्या जिवावर चालणार नाही." पोरांना हे वाक्य पाठ होतं. घाटावरचा सगळ्यात लाल आकडा त्याचा, आणि त्याचा लोकांना कोण अभिमान.

वाघदऱ्याच्या आठव्या दिवशी देवळापुढच्या पटांगणात सभा भरली. धर्मा लाईनमन उभा राहिला. हा माणूस पूर्वी तार दुरुस्त करायचा, आता तिच्यात चोरून जोड मारून यंत्राला काय ऐकू येतं ते आपल्या सेटवर वाचायचा. त्याने खालमानेने सांगितलं, "खालच्या फौजेच्या किल्ल्याच्या मागल्या दारानं चार येळा एकच चाल आत गेलीया. एक्केचाळीस बारा."

हौसा उठली आणि बोलली. सगळं बोलली. त्या चार दिवशी पोरगा घरात होता, त्याची चाल उसनी गेली ती वहाण तिने स्वतः शिवली, घेणारा दुसराच कुणीतरी आहे.

"आई आहे ती," मानाजी हळू आवाजात म्हणाला. "तिचं चुकत नाही. तरी आपण विचारू." आणि सभेकडे वळून त्याने विचारलं, "केरूची चाल कुणी घेतली असेल त्याने पुढे यावं. शपथ मोडल्याचा दोष मी माझ्या डोक्यावर घेतो."

कुणी पुढे आलं नाही.

"मला पाय दावा," हौसा म्हणाली. "पाय वळकीन मी."

चौतीस गड्यांनी वहाणा काढल्या. तिने एकेक टाच हातात घेतली, एकेक बोट चाचपलं. ऊन माथ्यावर आलं तरी ती गुडघ्यांवर सरकत होती. खोक असलेली टाच कुठेच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. सभेत पस्तिसावा गडी बसला होता आणि त्याच्या पायात बूट होते, हे तिच्या मनालाही शिवलं नाही. जो स्वतः न्याय करायला बसलाय, त्याचे पाय कोण मागतं?

केरूला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "म्या गेलो न्हाई." कुणाला चाल दिलीस? त्यावर गप्प. पण त्याची नजर मानाजीवरून हलत नव्हती. हौसाला वाटलं, पोर दयेची भीक मागतंय.

फितुराला घाटाची एकच शिक्षा होती. त्याला अनवाणी करून हद्दीच्या चिऱ्यापलीकडे, तारेवरून खाली चालत पाठवायचं. वहाणा आईनेच काढायच्या असतात. त्या काढताना केरू तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आये, भिऊ नको. नाईक हायेत न्हवं? ते बोलतील."

नाईक बोलले नाहीत. केरू चिऱ्यापलीकडे तीन पावलं गेला आणि मनोऱ्यावरची बंदूक वाजली. त्याचा आकडा खाली लाल करून ठेवला होता.

घाटावरचा सगळ्यात म्हातारा माणूस म्हादबा, तो तेवढा पुटपुटला, "त्येंचा मानूस आसता तर त्येंनी मारला आसता व्हय?"

"गरज सरो, वैद्य मरो," मानाजी म्हणाला. "मी त्यांच्यात राहिलोय, म्हादबा. त्यांची रीत मला ठाऊक आहे."

पोरंसोरं खेळात भांडली की एकमेकांना एक्केचाळीस बारा म्हणून शिव्या देऊ लागली. हौसा वहाणा शिवत राहिली. दुसरं काय करणार होती? तिच्या मनात एक घाण किडा शिरला होता, की पोराने खरंच तर केलं नसेल? आपल्यामागे बाजेवरून उठून गेला तर नसेल? आपल्या पोरावर संशय घेतला ही गोष्ट तिने पुढे स्वतःला कधी माफ केली नाही.

सहा महिन्यांनी मानाजीने तहाची बातमी आणली. सरनियंता घाटाला कारभार देणार होता. छावण्यांत डांबलेली माणसं परत येणार होती, वाटा खुल्या होणार होत्या, आणि घाटाचा पहिला कारभारी मानाजी होणार होता. तार मात्र जागच्या जागी राहील, दरडीसाठी. तरण्या पोरांनी कुरकुर केली. पण लढून लढून घाट थकला होता, आणि थकलेल्या माणसाला अर्धी भाकरीही पुरणपोळी वाटते. सह्या दुपारी व्हायच्या होत्या. त्याआधी सकाळी जुन्या रीतीप्रमाणे मानाजीला गादीच्या दगडावर बसवायचं होतं.

ती रीत अशी, की गादीवर बसणाऱ्याने घाटाच्या वहाणकरणीने शिवलेल्या वहाणा घालून देवळापासून दगडापर्यंत चाळीस पावलं चालायचं. मानाजीने मापाला आपला जुना बूट पाठवून दिला. म्हादबाने तो परत पाठवला. "बुटाला गादीवर बशिवनार हाव का? पाय घिऊन या म्हनावं."

मानाजी आला तो दिवसाउजेडी, चार माणसांसोबत. ती माणसं बाहेर थांबली. पाटावर बसून त्याने बूट काढले आणि म्हणाला, "मोजे राहू दे हौसाबाई, थंडी बाधते मला."

"ऱ्हाऊ द्या की," हौसा म्हणाली आणि तिने त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला.

जन्मभर चामडं चाचपणाऱ्या हाताला मोज्याची काय मातब्बरी. अंगठा टाचेच्या कडेवरून फिरला आणि खोकेत बसला. बोटं पुढे गेली. अंगठ्यावर चढलेलं बोट. तिचा हात तिथेच राहिला. नाईक हायेत न्हवं, ते बोलतील. पोराने दयेची भीक मागितलीच नव्हती. तो वाट बघत होता. चिऱ्यापर्यंत, आणि पुढच्या तीन पावलांपर्यंत तो वाट बघत होता.

मानाजी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"पाय लई दमल्यात नाईक," ती म्हणाली. "लोकरीचा थर घालते. मऊ लागंल."

मानाजीने श्वास सोडला आणि हसला. "घाल."

तो गेल्यावर तिला ओरडावंसं वाटत होतं. रापी घेऊन त्याच्यामागे धावावंसंही वाटत होतं. पण बोंब मारून काय होणार होतं? आईचं बोलणं सभेने एकदा ऐकलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं हे शेताने सांगून कोण ऐकतं? पुरावा पाहिजे होता, आणि पुरावा कशाने शिवायचा ते तिच्याएवढं कुणाला येत नव्हतं. तिने आढ्यातून केरूच्या मापाची काडी काढली. डाव्या टाचेत शिशाची चकती, बाहेरच्या कडेला दोन बोटं पाचर, उजवीत लोकर. वरून पट्ट्यांवर लाल गोंडे लावले, मानाच्या वहाणेला शोभतील असे.

मग ती धर्मा लाईनमनकडे गेली. "नाईक चालतील तवा सेट लाव. मोकळ्या घाटावरची पयली चाल म्हनून आकडा मोठ्यानं वाच. मान हाय तो."

धर्माला ती कल्पना फार आवडली. केरूचा आकडा वाचल्यापासून तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. आज तिने आपणहून काम सांगितलं ह्याचंच त्याला बरं वाटलं.

समारंभाच्या सकाळी बत्तीस वाड्या पटांगणात जमल्या. हौसाने मानाजीचे पाय धुतले. आता मोज्यांचा बहाणा चालणार नव्हता. खोक तिने डोळ्यांनी पाहिली, पुसली, आणि वहाणा चढवल्या. ढोल सुरू झाला.

पहिल्या पावलालाच मानाजीला कळलं. त्याचा डावा पाय मागे ओढला गेला आणि त्याने झटकन हौसाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही. थांबावं तर हजार माणसं बघत होती. आपल्या चालीने चालावं तर वहाण पाडणार, आणि गादीच्या वाटेवर पडलेला नाईक घाट मान्य करत नाही. दोन महिने सड्यावर घटवलेला पाय, चार वेळा किल्ल्यात जाऊन आलेला. त्याला आठवण करून द्यावी लागली नाही. पाचवं पाऊल, सहावं, सातवं, दहावं. मानाजी केरूसारखा चालू लागला. न अडखळता, सराईत.

देवळाच्या पायरीवर धर्मा सेटवर वाकला होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"वाच की," म्हादबा म्हणाला.

"यंत्र बिघडलंय," धर्मा म्हणाला. "एक्केचाळीस बारा म्हनतंय."

ढोल थांबला. मानाजीही थांबला, आणि त्याने वहाणा काढून बाजूला फेकल्या. "बाईने मुद्दाम शिवल्यात. पोराचा सूड घेतेय. ह्या वहाणा घालून कुणीही चालला तरी तोच आकडा येईल."

"कुनीबी?" हौसा पुढे झाली. "मग चालू दे कुनीबी. चाल घ्यायला दोन म्हैने लागत्यात का न्हाई? घाटातलं शेंबडं पोरबी सांगंल. हे आत्ता दहा पावलं चालले, तुमच्या डोळ्यांम्होरं. कधी घटवली म्हनावं केरूची चाल? कुनामागं घटवली?"

चौतिसांतला एक दांडगा गडी, धुळाजी, हसत पुढे आला. मानाजीचा तो उजवा हात, आणि नाईकावरचा डाग पुसायलाच आला होता. त्याने वहाणा चढवल्या. चार पावलं तो कशीबशी चालला. पाचव्याला डावा पाय मुरगळला आणि तो हातांवर पडला. कुणी हसलं नाही. धुळाजी जमिनीवर बसल्या बसल्या मानाजीकडे वळला. वाघदऱ्यात त्याचा सख्खा भाऊ गेला होता.

"नाईक," तो म्हणाला, "तुम्हीच इचारलं व्हतं. कुनी घेतली असंल त्यानं म्होरं यावं."

मानाजी बोलला ते नेहमीच्याच शांत आवाजात. लढाई हरल्यात जमा होती, असं तो म्हणाला. तह होत नव्हता. विश्वास बसायला खालच्यांना काहीतरी द्यावं लागलं. अकरा गेले म्हणून बाकीचे वाचले. आज छावण्यांतली माणसं घरी येणार आहेत, ती कुणामुळे?

"आन केरू?" हौसाने विचारलं.

"त्याचं मला वाईट वाटतं," मानाजी म्हणाला.

हौसाला वाटलं होतं, हे उघडं पडलं की आपल्याला हलकं वाटेल. हलकं काही वाटलं नाही. ज्या माणसासाठी पोरगं शपथ पाळत मेलं, त्याने त्याची एवढीच किंमत केली, आणि तीही विचारल्यावर. तिला त्याच्या शांत आवाजाची किळस आली.

तहाचं आता काय करायचं, ह्यावर कुजबुज सुरू झाली. काही जण म्हणत होते, माणूस नासका असला तरी तह खोटा नाही. माणसं तर येताहेत. हौसाने ते ऐकलं. थोड्या वेळापूर्वी जे तिच्या बाजूने होते त्यातलेच काही होते ते.

म्हादबा काठी टेकत उठला. "रीत हाय ती करा आधी. सह्या दुपारी हायेत."

मानाजीला अनवाणी करायची गरज नव्हती, वहाणा त्याने स्वतःच फेकल्या होत्या. सगळा घाट हद्दीच्या चिऱ्यापर्यंत गेला. पलीकडे तार, त्यापलीकडे मनोरा. घाटावरचा सगळ्यात लाल आकडा आता स्वतःच्या पायाने, स्वतःच्या चालीने त्या तारेवर जाणार होता. चिऱ्याशी तो थबकला. खालच्यांनी आपल्याला दिलेला शब्द पाळलाय की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं. फितुराला कुणाचाच भरवसा नसतो.

मग तो चालू लागला. हौसाने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

तिसऱ्या पावलाला तिने डोळे मिटले. बंदूक वाजावी असं तिला मनापासून वाटत होतं. वाजली तर निदान दोघांना एकच न्याय झाला असता. बंदूक वाजली नाही. चार, पाच, दहा. वीस पावलांवर मानाजीची पाठ सरळ झाली. चाळीस पावलांवर तो नुसता चालत नव्हता, झपाझप उतरत होता. खाली किल्ल्याचं मागलं दार उघडलं, त्याला आत घेतलं आणि लागलं.

चिऱ्याशी हजार माणसांनी ते पाहिलं. केरूला तीन पावलं मिळाली होती. तह खरा की खोटा ह्यावर त्यानंतर कुणी तोंड उघडलं नाही. घाटावर कुणाचा आकडा लाल ठेवायचा आणि कुणाचा नाही, हे खालचे केव्हाच ठरवून बसले होते, आणि तार तर राहणारच होती. धुळाजीने खांद्यावरची बंदूक काढून हातात घेतली. म्हादबा हौसाजवळ आला आणि तिच्या पायांशी वाकू लागला. तिने त्याला हाताला धरून उठवलं आणि पाठ फिरवली. चोर सोडून संन्याशाला मारणाऱ्यांत तोही होता.

ती घरी आली. बाजेवरची दोरीची झोळी सहा महिने तशीच होती, ती तिने सोडली. मग मधली घोंगडी ओढून काढली, घडी केली आणि चुलीशेजारी टाकली.

दुपार कलली तशी पोरं येऊ लागली. सह्या झाल्या नव्हत्या. म्हणजे लढाई होती, आणि लढाईला वहाणा लागणार होत्या. पहिला धुळाजीच आला. घोंगडी नाही बघून दारातच अडखळला, आणि सवयीने भिंतीआड बसून नुसता पाय पुढे केला.

हौसाने काडी उचलली, मग खाली ठेवली.

"पाय मागनं बघू," ती म्हणाली. "आधी तोंड दाव."